घोंगडीखालचं पाणी

ते दोन हजार चोवीस साल होतं, आणि वैशाख. त्या वर्षी बीडमध्ये ऊन असं काही उतरलं होतं की दुपारी रस्त्यावरच्या डांबराचा वास घरात येऊन बसायचा आणि दिवेलागणीपर्यंत उठायचा नाही. सत्यभामा मधल्या खोलीत उघड्या फरशीवर आडवी झाली होती. झोप नव्हती ती. डोळे मिटून पडून राहायचं, ऊन भिंतीवरून खाली सरकेपर्यंत, एवढंच. आणि मग काहीतरी थांबलं. काय थांबलं ते तिला लगेच उमगलं नाही. पाळण्यातल्या पोराला पाळणा थांबल्याचं जसं झोपेतच कळतं, तसं अंगालाच कळलं आधी. बाहेरच्या खोलीत सकाळपासून टेबलफॅन खडखडत होता, त्याची एक पाती कधीची वाकलेली होती, आणि ती खडखड आता नव्हती. लाईट गेली असेल, असं म्हणून तिनं वर पाहिलं, तर डोक्यावरचा पंखा आपला फिरत होता. म्हणजे लाईट गेलेली नव्हती. कुणीतरी फॅन बंद केला होता, आणि घरात कुणीतरी म्हणजे तिच्याखेरीज एकच माणूस होतं.

ती उठून उंबऱ्यात आली. बाहेरची खोली नेहमीपेक्षा अंधारी वाटली. या खोलीवर पत्रे होते, दुपारी ते कडकड वाजायचे. भिंतीला लागून लोखंडी घडवंचीवर नातीची, वैष्णवीची, माशांची काचेची पेटी ठेवलेली असायची. पेटीच्या आतला लहानसा दिवा जळत असायचा, त्याचा हिरवट उजेड समोरच्या भिंतीवर हलत राहायचा, आणि तो उजेड आत्ता नव्हता. पेटीच्या जागी एक काळा ढीग उभा होता. मेंढी बसल्यावर दिसते तसा, खांद्यापासून खाली उतरत गेलेला. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बिभीषण बसला होता. हात मांडीवर, चेहरा शांत, काम उरकून बसलेल्या माणसाचा.

त्यानं पेटीवर आपली घोंगडी पांघरली होती.

सत्यभामानं जवळ जाऊन घोंगडीच्या काठाखाली हात घातला आणि काचेला लावला. काच गरम होती. चटका बसावा अशी नाही. ताप चढलेल्या लेकराच्या पाठीला हात लावल्यावर लागते तशी, आतून येणारी ऊब. तिचा हात तिथंच राहिला. हा स्पर्श तिच्या हाताला माहीत होता. थोरली पोर गोवरानं गेली तेव्हाची तिची पाठ. गोदाकाठी पाल टाकलेलं होतं, मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवलेली होती, आणि ती रात्रभर पोरीच्या पाठीला हात लावून बसली होती. हाताला काळ कळत नाही. पन्नास वर्षं मधे गेली तरी हात म्हणतो, तेच आहे हे.

वैष्णवी सकाळी निघताना परतपरत सांगून गेली होती. मामाच्या घरचं लग्न होतं, आष्टीला. रामेश्वर, सुकन्या आणि वैष्णवी, मुलगा, सून आणि नात, तिघंही पहाटेच्या गाडीनं गेले होते. नात चपला घालता घालता सुद्धा बोलत होती. "आजी, झाकण काढून ठेवलंय. फॅन पाण्यावर लावलाय. वाऱ्यानं पाणी थंड राहतं, माठाचं राहतं ना, तसंच. तेवढा फॅन बंद होऊ देऊ नको, बास." सत्यभामा म्हणाली होती, "मी काय लहान हाय का गं? तुझ्या बापाला वाढवला मी रानात." आणि वैष्णवी हसून म्हणाली होती, "पप्पाला फॅन लागत नव्हता गं."

आता हे बिभीषणाला कुणी सांगितलं असतं? त्याच्या बाजूनं बघितलं तर तिला सगळं दिसत होतं, अगदी दिसत होतं. तो खुर्चीत बसलेला. समोर त्याचं खांड, त्याचा कळप. फॅनमधून वारा येतोय आणि तो वारा गरम, कारण खोलीतलीच हवा गरम. वैशाखातली झळ. अशी झळ सुटली की मेंढक्या काय करतो? कळप तिच्याकडं पाठ करून उभा करतो. आडोसा बघतो. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून गोल उभी राहतात आणि लहान कोकरांवर मेंढक्या खांद्यावरची घोंगडी पसरतो, कारण घोंगडी जशी थंडी आत येऊ देत नाही तशी झळही आत येऊ देत नाही. त्यानं आयुष्यभर हेच केलं होतं. त्यानं उठून झळ सोडणारं ते यंत्र बंद केलं, आतून घोंगडी आणली, आणि आपली लेकरं झाकली. आत दिवा तसाच जळत राहिला. जाड काळ्या लोकरीखाली, बंद हवेत.

तिनं घोंगडी एका बाजूनं उचलली. हिरवा उजेड भसकन बाहेर आला. मासे सगळे वर आले होते. पाण्याच्या कडेला तोंडं लावून, उघडमीट, उघडमीट करत होते. नारिंगी, पांढरे, एक काळसर. आणि ठिपक्यांची ती मोठी, जिला बिभीषण चितळी म्हणायचा, ती एका कुशीवर कललेली होती.

"आवं, हे काय केलं तुमी," ती पुटपुटली, त्याला ऐकू जाईल असं नाही.

पण तो उठला होता. सावकाश, खुर्चीच्या हातांना रेटा देत. येऊन त्यानं तिच्या हातातली घोंगडीची कड घेतली आणि परत पेटीवर ओढली. रागानं नाही. भांडं उघडं टाकून गेलेल्या बाईच्या मागं जाऊन कुणी झाकण ठेवावं, तसं.

"झळ लागंल," तो म्हणाला.

तो दिवसाकाठी चार शब्द बोलत असेल-नसेल. त्यातले दोन असे खर्च झाले. सत्यभामा घोंगडीची दुसरी कड धरून उभी राहिली, आणि एक जुनी भीती हळूच उठून बसली. मासे मरतील ही भीती नव्हती ती. मासे मरतातच. ही भीती दाराची होती.

तीन वर्षांपूर्वी बिभीषणाच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि तो दवाखान्यात पडला. बराच काळ पडला. मेंढरं तेव्हा आष्टीच्या माळावर होती, भाऊबंदांच्या भरवशावर. भरवसा किती दिवस चालणार. रामेश्वर एसटीत कंडक्टर, त्याची ड्यूटी सुटत नव्हती. त्यानं बंकटला, त्यांच्याच जातगोतातल्या माणसाला, सगळं खांड विकून टाकलं. सगळ्यांनाच ते बरोबर वाटलं. डॉक्टर म्हणाले, आता यांना रान झेपायचं नाही. बिभीषण बरा होऊन आला तो थेट बीडच्या या घरात. अंग पुष्कळ परत आलं होतं, बोलणं थोडं. आठवडाभर तो दारात बसून राहिला, आणि मग एका सकाळी दारात नव्हता. कपिलधारच्या फाट्यावर सापडला. "कुठं चाललता?" रामेश्वरनं विचारलं तर म्हणाला, "मेंढरं." दादा, मेंढरं इकलीत, असं त्याला किती वेळा सांगितलं. तो मान हलवायचा, व्हय म्हणायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा जायचा. रामेश्वरचे सोबती कंडक्टर गाडीतून फोन करायचे. "रामेश्वरराव, तुमचे वडील मांजरसुंब्याच्या पुढं लागलेत. बसवून घेऊ का? तिकीट तुमच्या नावावर." हसायचे बिचारे, पण गाडी थांबवायचे. दाराला कडी लावली तर तो कडीकडं बघत उभा राहायचा, सबंध दिवस, आणि ते बघवायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो नेकनूरच्या रस्त्याला एका बाभळीखाली सापडला. ओठ फाटलेले, डोळे उलटे. सलाईनच्या बाटल्या लागल्या. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई सत्यभामाला बाजूला घेऊन म्हणाली होती, "आजी, अशी अजून एक दुपार यांना सोसणार नाही." त्याच पावसाळ्यात वैष्णवीनं हट्टानं ही पेटी आणली. स्वतःसाठी आणली होती तिनं. मासे सोडले, दिवा लावला, आणि बिभीषण येऊन समोर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर. मासे डावीकडं गेले की त्याचे डोळे डावीकडं. संध्याकाळी सगळे एका कोपऱ्यात जमले की तो जीभ टाळूला लावून एक आवाज काढायचा, कळप वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना काढतात तो. त्यानंतर तो बाहेर गेला नाही. कधीच नाही. कुणी त्यावर बोललं नाही घरात. बोललं तर मोडेल असं वाटायचं. सुकन्या एकदा भांडी घासताना सहज म्हणून गेली, "लई स्वस्तात पडले बाई हे मासे."

आता या पेटीत काही नसेल तर? सत्यभामाच्या डोळ्यांपुढं रिकामं पाणी आलं, त्यात जळणारा दिवा, आणि रिकामी खुर्ची. आणि दाराबाहेरचं ते पांढरं ऊन.

तिनं फोन लावला. पलीकडं बँड वाजत होता, त्यात वैष्णवीचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला.

"आजी, जेवलात का? इथं अजून अक्षताच नाहीत, नवरदेव घोड्यावरून उतरंना."

"वैष्णवे, पाणी तापलंय. पेटीतलं."

"फॅन?"

"बंद झालता. आबानं घोंगडी घातलीती वरून."

मग वैष्णवी लग्नमंडपातून कुठं तरी बाजूला आली असावी, आवाज जवळचा झाला. "बरं. ऐक. रडू नको."

"मी कशाला रडू?"

"मी मला म्हणतेय. घोंगडी काढ. दिवा बंद कर. फॅन लाव. मग तांब्यानं पाणी घे पेटीतलंच आणि वरून धार सोड, उंचावरून, म्हणजे त्यात हवा जाते. आणि माठातलं पाणी थोडं थोडं घाल. नळाचं नको, त्यात औषध असतं. ड्रमातलं नको, ते तापलेलं असणार. फ्रीजमधलं एकदम ओतू नको, आजी, एकदम गार झालं तरी मरतात."

"माठात प्यायचं पाणी हाय."

"मग आबाला कोक पाज," वैष्णवी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आजी, आबा कसाय?"

सत्यभामानं वळून पाहिलं. तो घोंगडीची घडी नीट करत होता, पेटीच्या कडेला कुठं फट राहू नये म्हणून. "हाय," ती म्हणाली. "ठेव आता. त्या नवरदेवाला उतरव."

घोंगडी काढ म्हणणं सोपं होतं. तिनं पुन्हा कड धरली तर त्यानं तिचं मनगट धरलं, आणि त्याच्या त्या सुकलेल्या हातात इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. मनगट धरलेलं असताना तिला एकाएकी लग्नाच्या वर्षीची ओढ्यातली वाट आठवली. पाणी चढलं होतं, तिच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, आणि त्यानं असंच मनगट धरून तिला पलीकडं काढलं होतं. पलीकडं गेल्यावरही त्यानं ते बराच वेळ सोडलं नव्हतं आणि तिनंही आठवण करून दिली नव्हती. मेंढरं पुढं निघून गेली होती, त्यांच्या घंटा लांब कुठंतरी वाजत होत्या. किती विचित्र, की माणसाच्या अंगावर एखाद्याच जागी सगळं लग्न साठून राहावं. ती ओढाओढ करायची थांबली. तिनं दुसऱ्या हातानं त्याचा तो हात अलगद सोडवला, घोंगडीखाली नेला आणि काचेवर ठेवला.

"बघा," ती म्हणाली. "अंग बघा त्यांचं."

त्याचा तळहात काचेवर पसरला. तो थोडा वाकला. कोकराच्या कानामागं हात लावून तो ताप बघायचा तेव्हा असाच वाकायचा, डोळे भलतीकडं लावून, कारण हातानं बघताना डोळ्यांनी बघायचं नसतं. पत्रा कडकन वाजला. कुठंतरी लांब पाण्याचा टँकर मागं येताना पिपाणी वाजवत होता.

"तापलेत," बिभीषण म्हणाला.

"व्हय. दमगीर झालेत. वारा द्यावा लागंल."

त्यानं स्वतःच्या हातानं घोंगडी ओढून काढली.

पुढचा सगळा वेळ सत्यभामाला नंतर नीट सांगता आला नाही. तो तिला एखाद्या स्वप्नासारखा, पाण्याच्या आतून ऐकल्यासारखा आठवायचा. दिवा बंद केला तसा खोलीत एक मऊ करडेपणा भरला. फॅन पुन्हा खडखडू लागला. तिनं तांब्या पेटीत बुडवला, वर धरला, धार सोडली. धारेचा आवाज खोलीभर झाला. पुन्हा बुडवला, पुन्हा सोडली. तिचा खांदा दुखायला लागला तसा तांब्या त्यानं घेतला. मग माठातलं पाणी ती वाटीनं आणू लागली, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, ओले पाय फरशीवर उमटत होते आणि ती परत येईपर्यंत सुकलेले असत. एकदा घाईघाईत तिनं दोन वाट्या एकदम ओतल्या. त्यानं वाटीखाली हात आडवा धरला.

"दम," तो म्हणाला. "दम खाऊ दे."

तळ्यावर मेंढरं आली की तो तसाच काठी आडवी धरून उभा राहायचा. दिवसभर तापलेली मेंढरं, पाण्याचा वास लागलेला, एकमेकांवर चढायची, ओरडायची, आणि तो त्यांना पाण्याशी जाऊ द्यायचा नाही. आधी लिंबाखाली उभी राहू दे. तोंडचा फेस वाळू दे. मग पाणी. लहान होती तेव्हा ती, नवी नवी, त्याच्यावर चिडायची. किती निर्दय माणूस हा, तहानलेल्याला पाणी दिसतंय आणि हा म्हणतो थांब. मेंढरांच्या त्या ओरडण्यात ती एकदा रडली सुद्धा होती. मग सावल्या लांब व्हायच्या, तो काठी उचलायचा, आणि सगळं खांड एकाच वेळी मान खाली घालून प्यायला लागायचं, आणि तो पिण्याचा आवाज, शेकडो तोंडांचा, तळ्यावरून बारीक पाऊस सरकत जावा तसा. त्या आवाजानंतर जगात काही मागायचं उरत नसे. तिला वाटलं, आपण दोघं आता त्या तळ्यापाशीच उभे आहोत. मधली घरं, हा पत्रा, रामेश्वरची नोकरी, दवाखाना, हे कुणीतरी सांगितलेलं. ती वाटी वाकवत होती, थेंब थेंब, आणि तो काठी धरून उभा होता.

हळूहळू काळसर मासा खाली गेला. मग पांढरे. मग नारिंग्यांपैकी एकानं कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ फेरी मारली. बिभीषण खुर्चीत बसला. त्याचे डोळे त्यांच्याबरोबर डावीकडं गेले, उजवीकडं आले, पुन्हा डावीकडं गेले आणि तिथंच मिटले. तोंड किंचित उघडं. थकला होता तो. सत्यभामा भिंतीला टेकून खाली बसली. माठ जवळजवळ संपला होता आणि तिला फार तहान लागली होती, पण उठवत नव्हतं.

त्याच वेळी तिनं चितळीला पाहिलं. ती पाण्यावर आडवी होती. तोंड हलत नव्हतं. फॅनच्या वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि त्या तिला एकाच दिशेनं सरकवत होत्या, काचेकडं.

तिनं ती ओंजळीत काढून घेतली. इतकी हलकी. एवढ्याशा जिवात वजन कुठलं असायला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, तो झोपलेला होता, आणि तिच्या डोक्यात सगळं झरझर ठरत गेलं. कागदात गुंडाळायची. मोरीपलीकडं टाकायची. रामेश्वरला फोन करायचा की येताना दुकानातून अशीच ठिपक्यांची आण. पण दुकानात अशीच मिळेल? आणि मिळाली तरी? इतक्या मेंढरांत एखादं बदललं तर त्याला अंधारात कळायचं. दुसऱ्याच्या खांडात घुसलेलं आपलं कोकरू तो पाठमोरं ओळखायचा. तो उठेल. पेटीकडं बघेल. एक कमी आहे हे बघेल. काही विचारणार नाही. मान हलवेल, आणि उद्या नाहीतर परवा दारात नसेल.

आणि मग, ओंजळीत ते गार होत चाललेलं अंग धरून उभी असताना, तिला कान आठवला. त्यांच्याकडं रीत होती. दुसऱ्याची मेंढरं चारायला घेतली आणि त्यातलं एखादं मेलं, तर मेंढक्यानं त्याचा कान कापून ठेवायचा आणि मालकाला नेऊन दाखवायचा. घोंगडीच्या टोकाला गाठ मारून तो कान महिनोन्‌महिने बरोबर फिरायचा, वाळून चामडं झालेला. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या गाठीची किळस यायची. ती म्हणाली होती, सांगितलं मेलं म्हणून, झालं की. तेव्हा बिभीषण म्हणाला होता, तरुण, काळाभोर, दातांत काडी धरलेला, "सांगितलेलं मेंढरू मरत न्हाई. दावलेलं मरतं. न्हाईतर मालक लेकाचा जन्मभर त्याला हुडकत बसतो."

ती तशीच उभी राहिली. फॅनचा वारा तिच्या ओल्या हातांवर येत होता.

दादा, मेंढरं इकलीत. किती वेळा सांगितलं. किती मायेनं सांगितलं. दवाखान्याच्या खाटेवरून उठला तो या खोलीत, आणि मधे एक सबंध कळप हवेत विरला. कुणी त्याला तिकडं नेलं नव्हतं. मोकळा माळ कुणी दाखवला नव्हता. सांगितलं होतं फक्त.

तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. "आवं. उठा."

त्यानं डोळे उघडले. तिनं त्याचा उजवा हात उलटा केला आणि चितळी त्याच्या तळहातावर ठेवली.

तो बघत राहिला. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यानं तिचा कल्ला उचलून पाहिला, डोळ्यावर बोट टेकवलं, पोट चाचपलं. तो हे सगळं घाई न करता करत होता.

"चितळी," तो म्हणाला.

"व्हय."

"कशानं?"

पेटीच्या पायाशी घोंगडी पडलेली होती. "उन्हानं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. तो उठला. दाराकडं चालू लागला. सत्यभामा त्याच्या मागं गेली नाही. जावं असं सगळं अंग ओरडत होतं, पण पाय उचलला नाही. दार उघडल्याचं तिनं ऐकलं, आणि मग बाहेरच्या उन्हाचा एक लांब पट्टा आत फरशीवर येऊन पडला आणि पडूनच राहिला. आपण आयुष्यात कितीदा अशा उभ्या राहिलो, तिला वाटलं, हा माणूस नजरेआड गेल्यावर. डोंगराच्या पलीकडं, बाजाराला, पावसात. तेव्हा कधी भीती वाटली नाही. तेव्हा तो जायचा म्हणजे यायचाच. पट्टा हलत नव्हता. शेजारच्या छबुबाईच्या घरात टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मग खरवडल्याचा आवाज आला. अंगणाच्या कडेला, कढीपत्त्याच्या बुडाशी, कोरडी माती खरवडल्याचा.

तो परत आला तेव्हा त्याची बोटं मातीनं भरलेली होती. बाहेरच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून त्यानं तसेच पाय पुसले, दार ओढून घेतलं, खुर्चीत बसला. पेटीत उरलेले मासे फिरत होते. त्यानं त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली, जिभेनं तो आवाज काढला, आणि म्हणाला, "पानी दे गं. लई तहान लागली."

माठाच्या तळाशी एक पेलाभर होतं. त्यानं अर्धं पिऊन पेला तिच्याकडं सरकवला.

लग्नाची मंडळी दिवेलागणीला आली. वैष्णवी पेटीपुढं बसून रडली, मग हसली, मग आबाच्या मातीच्या बोटांकडं बघून पुन्हा रडली. रामेश्वर पायताण काढत होता तेवढ्यात सत्यभामा त्याला म्हणाली, "यांना बंकटकडं घेऊन जा."

"आता? आत्ताच तर आष्टीवरून आलो, माय."

"सुट्टीच्या दिवशी. पर ने."

"कावून पर?"

"दावायला."

"काय राह्यलंय तिथं दावायला?" रामेश्वर वैतागून म्हणाला. "निम्मी मेली, निम्मी त्यानं बाजारात काढली."

"जे राह्यलं न्हाई तेच," ती म्हणाली.

तो नको म्हणत होता, डोक्यात पुन्हा घोळ होईल म्हणत होता, पण घेऊन गेला. सत्यभामाही गेली. बंकट भला माणूस, वाईट वाटू नये म्हणून इकडतिकडचं बोलत होता. बिभीषण म्हणाला, "मोरी?" बंकट म्हणाला, "लांडग्यानं नेली, अण्णा." "लांबकानी?" "बाजारात काढली." "बोडखी?" बंकटनं बोट केलं. बोडखी होती, म्हातारी, माळावर चरत होती. बिभीषण एकेक नाव घेत गेला आणि बंकट एकेकाची गती सांगत गेला, आणि ज्याचं आठवत नव्हतं तिथं प्रामाणिकपणे म्हणाला, ध्यानात न्हाई, अण्णा. पुष्कळ वेळ चाललं ते. रामेश्वर मोबाईल बघत होता, मग त्यानं तो खिशात घातला, मग तोही ऐकत राहिला. शेवटी बिभीषण म्हणाला, "झालं," आणि गाडीकडं चालू लागला.

त्यानंतर तो दोन हिवाळे जगला, आणि घराबाहेर गेला तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तंबाखूला, आणि परत आला. आपल्या अंथरुणात, सकाळी, चहा थंड होत असताना गेला. बोडखी त्याच्या आधी गेली. बंकटनं फोन करून कळवलं होतं. बंकटची पोरं आता पुण्याकडं कंपनीत आहेत आणि त्याच्याकडं मेंढरं थोडीच उरलीत. रामेश्वरची बदली अंबाजोगाईच्या डेपोला झाली, तो आणि सुकन्या तिकडं असतात, महिन्यातून येतात. सुकन्याचं तिकडं मन लागत नाही. वैष्णवी नर्सिंगला लातूरला गेली. जाताना तिनं पेटी मैत्रिणीच्या धाकट्या भावाला देऊन टाकली, तिथले मासे आता किती आणि कोणते, कुणाला माहीत नाही.

सत्यभामा बीडच्याच घरात राहते. लोक विचारतात, एकटीला करमतं का. बिभीषणाला तिनं शेवटची आंघोळ घालताना नीट पाहिलं होतं, कपाळापासून तळपायांपर्यंत, हातानं पाहिलं होतं. त्यामुळं ती कुणाला शोधत नाही. दुपारी जेवायला बसताना एकदा दाराकडं बघते, एवढंच, आणि मग जेवते.